पुणे-नाशिक-नागपूरच्या स्टडी अब्रॉड कन्सल्टंट मंडळींना खुलं पत्र: को-ऑपचं वर्क परमिट वेगळं असतं हो!

सप्रेम नमस्कार,

फेब्रुवारी २०२५ चाललाय, म्हणजे तुमच्याकडे सप्टेंबर इनटेकची गडबड सुरू झाली असणार. एफसी रोड, नाशिकचा कॉलेज रोड, नागपुरात धरमपेठ, कोल्हापुरात राजारामपुरी, सगळीकडे तेच बोर्ड, तेच रविवारचे हॉटेलच्या हॉलमधले सेमिनार, आणि कॅनडाच्या प्रत्येक बॅनरवर ठळक अक्षरात "पेड को-ऑप", म्हणजे कोर्सचाच भाग म्हणून एखाद्या कंपनीत करायचं पगारी काम. मी किचनरला असतो, ऑन्टारियोत. पुण्याहून शिकायला आलो, को-ऑप केला, आता इथेच नोकरी करतो. त्यामुळे कुणाच्या मामाच्या नाहीतर काकूच्या ओळखीने आपली मराठी पोरं फोन करत राहतात, "दादा, को-ऑपचं जरा विचारायचं होतं". आणि दर वेळी गोष्ट जवळपास एकच निघते म्हणून हे पत्र तुम्हाला, पोरांना नाही. पोरांना सांगून उपयोग नसतो, ती माझ्यापर्यंत येतात तोवर उशीर झालेला असतो.

मुद्दा एकच आहे. ज्या कोर्समध्ये को-ऑप सक्तीचा आहे, त्या कोर्सच्या विद्यार्थ्याला आजच्या, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या, नियमाने स्टडी परमिट (कॅनडात शिकायची परवानगी) सोडून आणखी एक कागद लागतो, को-ऑप वर्क परमिट. तो आपोआप येत नाही, मागावा लागतो. आणि तो मागायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे स्टडी परमिटचा अर्ज करतानाच, म्हणजे फाईल तुमच्या टेबलावर असते तेव्हा. त्यासाठी सरकारी फी शून्य. स्टडी परमिटला दीडशे डॉलर, बायोमेट्रिकला ८५ डॉलर, पण को-ऑप परमिटला काहीच नाही. तरी तुमच्यातले बरेच जण तो मागत नाहीत, आणि काही जण वर "को-ऑप फाईल चार्जेस" असं वेगळं बिल लावतात ते कशाचं हे मला अजून कळलेलं नाही.

विचारलं की तुमच्याकडून उत्तर ठरलेलं असतं, "अरे तिकडे जॉब मिळाला की बघू, आत्तापासून कशाला". इथेच तर सगळी गोची आहे! या परमिटसाठी हातात जॉब असावा लागतच नाही. अर्जात एम्प्लॉयर म्हणून कॉलेजचंच नाव घालतात, कंपनीचं नाही. लागतं काय, तर चालू स्टडी परमिट (किंवा त्याचाच सोबत केलेला अर्ज) आणि कॉलेजचं पत्र, की बाबा या कोर्सच्या सगळ्या विद्यार्थ्यांना डिप्लोमा-डिग्री मिळवायला काम करणं सक्तीचं आहे आणि ते काम एकूण कोर्सच्या निम्म्याहून जास्त नाही. बस. म्हणजे पोरगं पुण्यात असताना, इंटरव्ह्यूचा पत्ता नसताना हे काम उरकता येतं. ऑफर लेटर आलं की तुम्ही आधी फीचा आकडा बघता, ठीक आहे, पोटाचा प्रश्न आहे, पण त्याच पत्रात इंटर्नशिप किंवा वर्क टर्मबद्दलही लिहिलेलं असतं, ते वाचायला किती वेळ लागतो? आणि त्यात नीट लिहिलेलं नसेल तर कॉलेजला एक मेल टाकून पत्र मागवायला किती लागतो?

आता एक खरी केस सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कन्सल्टंटचंही नाही, ज्याचं त्याला कळेल. सातारा जिल्ह्यातली मुलगी, सप्लाय चेनचा दोन वर्षांचा कोर्स, तिसरी टर्म को-ऑपची, या जानेवारीत सुरू होणार होती. हुशार आहे, दिवाळीनंतर लगेच इथल्या, ऑन्टारियोतल्या केंब्रिजमधल्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तिचं सिलेक्शन झालं. आमच्या गावापासून अर्ध्या तासावर, पगार बरा, सोमवार ते शुक्रवार. कॉलेजच्या को-ऑप ऑफिसने ऑफर नोंदवताना विचारलं, को-ऑप परमिटची कॉपी अपलोड कर. ही म्हणते माझ्याकडे तर एकच परमिट आहे. झालं, तिथून पळापळ. तिने कन्सल्टंटला फोन केला तर तो म्हणाला स्टडी परमिटवर चालतं, त्यावर लिहिलेलंच असतं काम करू शकता म्हणून.

हो, लिहिलेलं असतं. पण काय लिहिलेलं असतं ते वाचा ना. ते कॉलेजबाहेरच्या साध्या नोकरीबद्दल असतं. टर्म चालू असताना आठवड्याला २४ तास, तेही ८ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी वीसच होते (मध्ये नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ मर्यादा उठवली होती, तो काळ संपला, तुमच्या काही ब्रोशरमध्ये मात्र अजून चालूच आहे). को-ऑपवाल्या कंपनीला आठवड्याला साडेसदतीस-चाळीस तासांचा माणूस हवा असतो. २४ तासांत ते बसत नाही, आणि जास्त तास केले की ते विनापरवाना काम. ते तेव्हा कुणी पकडत नाही, पुढे पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिटच्या (कोर्स संपल्यावर नोकरी करायची परवानगी) नाहीतर पीआरच्या (कायम राहायची परवानगी) वेळी बाहेर येतं.

मग तिने इथूनच, त्याच कन्सल्टंटमार्फत, ऑनलाइन अर्ज केला, नोव्हेंबरात. वाट बघत बसली. डिसेंबरच्या शेवटी त्याच कन्सल्टंटने सल्ला दिला की नायगराला जा, पुलावरून अमेरिकेच्या बाजूला जाऊन लगेच परत फीर, बॉर्डरवरच परमिट छापून देतात. एकेकाळी देत होते, खोटं नाही, फ्लॅगपोलिंग म्हणायचे त्याला, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तसं केलंय. पण २३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीपासून कॅनडाने ते वर्क आणि स्टडी परमिटसाठी बंद केलं. सल्ला आला त्यानंतर! म्हणजे ज्यांनी या कामाचे पैसे घेतलेत त्यांनी बातम्यासुद्धा वाचायच्या नाहीत का? बरं झालं ती निघायच्या आधी तिने मला फोन केला, नाहीतर भर थंडीत बसचं भाडं घालून पुलावरून हात हलवत परत आली असती.

कंपनी जानेवारीत दोन आठवडे थांबली, मग जागा दुसऱ्याला दिली. त्यांची काय चूक. आणि इथे अजून एक पेच असतो जो तुमच्या कुठल्याच सेमिनारमध्ये मी ऐकलेला नाही. को-ऑपची टर्म अशीच मोकळी गेली, म्हणजे ना काम ना वर्ग, तर ते पोरगं त्या काळात फुलटाइम विद्यार्थी राहत नाही, आणि फुलटाइम विद्यार्थी नसेल तर ते २४ तासांचं साधं कामसुद्धा करता येत नाही. म्हणजे को-ऑपही गेला आणि वेअरहाऊसची पार्टटाइम नोकरीही गेली, भाडं मात्र चालूच. तिच्या बाबतीत कॉलेजने पुढच्या टर्मचे विषय आधी घेऊ दिले म्हणून निभावलं, सगळ्याच कॉलेजात तशी सोय नसते. आता ती वर्ग करून आठवड्याला २४ तास पॅकिंग करते, ताशी १७ डॉलर २० सेंट, ऑन्टारियोचं ऑक्टोबर २०२४ पासूनचं किमान वेतन. सप्लाय चेन शिकतेय, त्यामुळे विषय तसा सोडला नाही म्हणायचं.

आणि ज्या गोष्टीचा मला खरा संताप येतो ती पुढे आहे. तिचा अर्ज रखडला त्याचं एक कारण असंही निघालं की इमिग्रेशन खात्याने एक कागद मागवला होता आणि तो मेल तिला दिसलाच नाही, कारण अकाउंटला ईमेल कन्सल्टंटचा होता. जीसीकीचा (कॅनडा सरकारच्या साइटवरचं लॉगिन) यूजरनेम त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरंसुद्धा त्याच्याकडे. पोरगी कॅनडात, तिची फाईल मात्र साताऱ्यातल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर. पासवर्ड मागितला तर म्हणे आमची पॉलिसी नाही. पॉलिसी?? अर्ज तिचा, पासपोर्ट तिचा, कर्ज तिच्या बापाच्या घराच्या कागदांवर, आणि पॉलिसी तुमची? आणि कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर इथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा (नाव कॉलेज, पण ही सल्लागारांवर देखरेख करणारी संस्था) परवाना हवा, नाहीतर वकील हवं, आणि अर्जात प्रतिनिधी म्हणून उघड नाव द्यायला हवं. तुमच्यातले किती जण ते देतात? अर्ज विद्यार्थ्यानेच स्वतः भरलाय असं दाखवायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची, हे रोज चालतं, आपण सगळे जाणतो.

सगळेच असे नाहीत, हे मी मुद्दाम लिहितोय. नाशिकच्या एका बाईंकडून आलेली दोन-तीन पोरं मला माहितीयेत. त्या पोरांना बाईंनी मुंबई एअरपोर्टला निघायच्या आधी एक कागद हातात दिला होता, मराठीत, की टोरांटोला उतरल्यावर पिअर्सन विमानतळाच्या इमिग्रेशन काउंटरवर ऑफिसरने कागद दिले की तिथेच उभं राहून मोज. दोन कागद हवेत, एक स्टडी परमिट, एक वर्क परमिट. दोन्हीवर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, संपायची तारीख बघ. दुसरा कागद नसेल तर काउंटर सोडू नकोस, अप्रूव्हलचं पत्र दाखव आणि नम्रपणे विचार. त्यातल्या एका पोराचा दुसरा कागद छापायचा खरंच राहिला होता, त्याने विचारलं, ऑफिसरने सॉरी म्हणून छापून दिला, पाच मिनिटांचं काम. हेच काम नंतर आतून करायला गेलं तर महिने जातात. बाई काही जादू करत नाहीत, फक्त काम पूर्ण करतात.

पासपोर्टचंही बघत जा जरा. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. दोन वर्षांचा कोर्स आणि पासपोर्ट दीड वर्षात संपतोय अशा फाईली तुम्ही तशाच पुढे ढकलता, मग ऐन को-ऑपच्या टर्ममध्ये दोन्ही परमिटं संपायला येतात.

आणि मेडिकल. लहान मुलांच्या शिक्षणाचा कोर्स किंवा आरोग्यातला कोर्स घेणाऱ्या पोरींना (जास्त करून पोरीच असतात) प्लेसमेंट डे केअरमध्ये नाहीतर नर्सिंग होममध्ये असते. अशा ठिकाणी काम करायला मेडिकल झालेली लागते, नाहीतर परमिटवर स्पष्ट अट छापून येते की बालसंगोपन, शाळा, आरोग्यसेवा इथे काम करता येणार नाही. म्हणजे परमिट आहे पण ज्यासाठी हवं होतं तेच त्यावर चालत नाही! आपल्याकडून येणाऱ्यांची मेडिकल बहुतेक झालेलीच असते, पण त्या कागदावरची अट वाचून घ्यायला सांगा, चूक असेल तर लगेच दुरुस्त करून मागता येते.

आता "पेड को-ऑप" कडे येतो. को-ऑप म्हणजे काय हे तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी कधी बघितलेलं नाहीये म्हणून सांगतो. माझ्या घरापासून जवळच वॉटरलू युनिव्हर्सिटी आहे, १९५७ मध्ये सुरू झाली तीच मुळी इंजिनियरिंगच्या पोरांना काही महिने वर्ग आणि काही महिने कंपनी असं आलटून पालटून शिकवायला. आज तिथली पोरं मोठमोठ्या कंपन्यांत जातात आणि त्यांचे पगार तुम्ही तुमच्या रीलमध्ये दाखवता, कोर्स मात्र विकता भलत्याच कॉलेजचा. त्यात ही गोष्ट कुठेच येत नाही की को-ऑपचा जॉब कॉलेज देत नाही, तो शोधावा लागतो. पोर्टलवर जागा येतात, रेझ्युमे टाकायचा, इंटरव्ह्यू द्यायचे, आणि त्याच जागेला इथे जन्मलेली पोरंही उभी असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅनडात १५ ते २४ वयाच्या पोरांमधली बेरोजगारी १४.५ टक्के होती, कोविडचा काळ सोडला तर २०१२ नंतर एवढी कधी नव्हती. अशा बाजारात तुम्ही "हंड्रेड परसेंट को-ऑप प्लेसमेंट" लिहिता. कुणाच्या भरवशावर?

पगाराचंही तसंच. ऑन्टारियोत कॉलेजने मान्य केलेल्या कोर्समधल्या प्लेसमेंटला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे बिनपगारी प्लेसमेंट असू शकते आणि बऱ्याच कोर्सना असते. चांगल्या को-ऑपला पगार मिळतो, मलाही मिळाला, पण तो गृहीत धरून बापाला हप्त्याचं गणित मांडून देऊ नका. "पहिलं वर्ष तुम्ही भरा, दुसरं वर्ष को-ऑपच्या पैशात निघेल" हे वाक्य मी वेगवेगळ्या गावांतल्या पालकांकडून शब्दशः सारखं ऐकलंय, म्हणजे कुठेतरी ट्रेनिंगमध्येच शिकवत असणार.

ऑप्शनल को-ऑप हा तर वेगळाच खेळ. परमिट मिळतं ते काम सक्तीचं असेल तरच. कोर्स तोच, पण को-ऑपवाला आणि बिनको-ऑपचा असे दोन प्रकार असतात, को-ऑपवाल्यात मार्कांची अट असते, जागा मर्यादित असतात, काही ठिकाणी पहिल्या टर्मनंतरच त्यात घेतात. तुम्ही ॲडमिशन देता बिनको-ऑपवाल्यात आणि सांगता "तिकडे गेल्यावर बदलून मिळेल". मिळालंच तर कॉलेजचं नवीन पत्र, आतून अर्ज, पुन्हा वाट बघणं. हे सगळं आधी सांगायला काय हरकत आहे, फार तर एखादं गिऱ्हाईक विचार करायला वेळ मागेल.

आणि पीआर! "को-ऑपचा अनुभव पीआरला धरतात" असं कृपा करून सांगू नका. फुलटाइम विद्यार्थी असताना केलेलं काम, को-ऑप धरून, कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासच्या (कॅनडातल्या नोकरीच्या अनुभवावर पीआर मिळवायचा मार्ग) एक वर्षात मोजत नाहीत. को-ऑपचा फायदा हा की ओळखी होतात, रेझ्युमेवर कॅनडातलं एक नाव येतं, तीच कंपनी पुढे बोलावते. माझं तसंच झालं. पण ते पीआरचे पॉइंट नव्हेत. खाजगी करिअर कॉलेजांचे ते कोर्स, सहा महिने वर्ग आणि सहा महिने को-ऑप, त्यानंतर तर पोस्ट ग्रॅज्युएशन परमिटच मिळत नाही, आणि को-ऑप परमिट कोर्स संपला की कामाचं राहत नाही. ते पोरगं मग करणार काय? हा प्रश्न विचारला की तुमच्याकडून "बघू, पुढे नियम बदलतात" असं येतं. बदलतात खरे. जानेवारी २०२४ पासून बदललेच आहेत: स्टडी परमिटवर संख्येची मर्यादा आली, प्रांताचं अटेस्टेशन लेटर (प्रांताच्या कोट्यात जागा असल्याचं पत्र) आलं, खात्यात दाखवायचे पैसे दहा हजार डॉलरवरून २०,६३५ वर गेले म्हणजे बारा लाखांच्या वर, नोव्हेंबरात आपल्या लाडक्या एसडीएसची (स्टडी परमिटचा अर्ज लवकर निकाली काढायची योजना) रांग बंद झाली, पदवीनंतरच्या परमिटला भाषेची अट आणि कॉलेजवाल्यांना विषयाची अट लागली. यातला एकही बदल सोपा करणारा नव्हता.

तुम्ही म्हणाल नियम कॅनडाने वेडगळ केलाय, आमच्यावर का ओरडतोस. नियम वेडगळ आहे हे मान्य. जो अभ्यासक्रम तुम्हीच मान्य केला, ज्याच्यासाठी स्टडी परमिट तुम्हीच दिलं, त्याच अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग करायला पुन्हा वेगळी परवानगी, यात शहाणपण शोधून सापडत नाही. स्टडी परमिटवरच दोन ओळी जास्त छापल्या तर अख्खी रांग संपेल, आणि हे इथले शिक्षणवालेही बोलत आलेत. ते भांडण ओटावाशी, म्हणजे कॅनडा सरकारशी आहे, ते चालू राहील, मी इथल्या माझ्या खासदाराला त्याबद्दल वेगळं लिहिलंय. पण आज नियम आहे तो आहे, आणि त्याच्यातून वाचायचा बिनपैशाचा रस्ता तुमच्या टेबलावरून जातो.

जालंधरच्या त्या एजंटचं प्रकरण विसरला नसाल. खोटी ऑफर लेटरं, शेकडो पोरं, डिपोर्टेशनच्या नोटिसा, आणि शेवटी त्याला कॅनडातच शिक्षा. ते प्रकरण गाजल्यावर, त्याला शिक्षा व्हायच्याही आधी, डिसेंबर २०२३ पासून इमिग्रेशनवाले प्रत्येक ऑफर लेटर कॉलेजकडून तपासून घ्यायला लागले. तुमच्यापैकी कुणी तसं करत नाही, मला ठाऊक आहे, पण अर्धवट भरलेली खरी फाईल पोराचं वर्ष तितकंच खाते.

तेव्हा मागणं साधं आहे. को-ऑप सक्तीचा असेल तर दोन्ही परमिटं एकदम मागा. जीसीकी विद्यार्थ्याच्या ईमेलवर, विद्यार्थ्याच्या मोबाईलवर उघडा, आणि पासवर्ड त्यालाच टाकायला लावा, तुम्ही मान वळवून बसा. को-ऑप ऑप्शनल असेल तर तसं लेखी द्या, पगाराची खात्री नाही हेही लेखी द्या, आई-वडिलांसमोर, मराठीत. सप्टेंबरच्या ज्या फाईली अजून सबमिट झालेल्या नाहीत त्यातल्या को-ऑपवाल्या या आठवड्यात बाजूला काढा. ज्या सबमिट झाल्यात आणि वर्क परमिट मागायचं राहिलंय, त्या पोरांना आजच फोन करून खरं काय ते सांगा, म्हणजे ती निदान इथे पोचल्या पोचल्या कॉलेजकडून पत्र घेऊन पहिल्याच टर्ममध्ये अर्ज टाकतील, को-ऑपला वर्षभर वेळ असतो तेवढ्यात परमिट येतं.

आणि त्या साताऱ्याच्या मुलीचा पासवर्ड तेवढा देऊन टाका, तिचा अर्ज अजून चालू आहे.

आपला,
किचनरचा एक माजी को-ऑपवाला